मॅडम, टेस्टच्या आधी तुम्ही त्याचं कोपर बघितलंत

मॅडम, मानसतज्ज्ञ म्हणून तुम्ही माझ्या मुलाची बुद्धिमत्तेची टेस्ट घेतलीत, पण फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या बाकीच्या मुलांचे आईवडीलही वाचतील.

माझ्या मुलाला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, फॅक्टर ८, एक टक्क्याच्याही खाली. तिसरीपासून शाळेतून तक्रारी यायला लागल्या, लिहून पूर्ण होत नाही, सांगितलेलं लक्षात राहत नाही, आणि एका टीचरनी तर त्याच्यासमोरच म्हटलं की आजाराचा मेंदूवर परिणाम झाला असेल. ही धास्ती आमच्या मनात आधीपासून होतीच, कारण या मुलांना डोक्यात ब्लीडिंग झालं तर मेंदूला खरंच इजा होऊ शकते. लहानपणी पलंगावरून पडला तेव्हा आधी फॅक्टर टोचून मग सीटी स्कॅन केला होता, रिपोर्ट नॉर्मल आला, तरी शंका काही जाईना.

म्हणून त्याला तुमच्याकडे आणलं, आणि तुम्ही टेस्टची पेटी उघडायच्या आधी त्यालाच विचारलंत, "कोपर दुखतंय का रे?" उजव्या कोपराच्या सांध्यात नुकताच ब्लीड होऊन गेला होता, हात पूर्ण सरळ होत नव्हता. त्या दिवशी तुम्ही नुसत्या गप्पा मारल्यात आणि टेस्ट पुढे ढकललीत. आजवर त्याच्या अभ्यासाबद्दल बोलणाऱ्या कुणीच त्याच्या हाताकडे बघितलं नव्हतं हो.

मग मालिनची बुद्धिमत्तेची टेस्ट घेतलीत, ती आपल्या नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवलीय हेही तुमच्याकडूनच कळलं. शब्दांचे अर्थ, ठोकळ्यांची नक्षी, सगळं वयाप्रमाणे, काही ठिकाणी वरचढच. अडला कुठे, तर ऐकलेले आकडे उलटे म्हणताना आणि दिलेल्या वेळात भराभर ठरलेल्या खुणा कागदावर भरताना. तुम्ही एकेक उलगडून सांगितलंत की खुणा भरण्यात हाताचा वेगही मोजला जातो, सारखं ब्लीड होणाऱ्या कोपराला तो कुठून येणार, आणि आकडे सुटतात ते लक्ष टिकत नाही म्हणून, त्यावर काम करता येतं.

तुम्ही अमेरिकेतल्या त्या मोठ्या अभ्यासाचंही सांगितलंत, हिमोफिलिया असलेले शाळकरी वयाचे ३३३ मुलगे, त्यातल्या २०७ जणांना दूषित फॅक्टरमधून एचआयव्ही झालेला (किती वाईट वाटलं ते ऐकून), आणि तरी मुलांची बुद्धी सरासरीतच, फक्त शाळेतली प्रगती त्या बुद्धीच्या मानाने कमी. म्हणजे बुद्धी असूनही अभ्यास मागे पडू शकतो, दुखणं, बुडालेली शाळा, अर्धवट झोप हे सगळं मधे येतं. हे ऐकून त्याचे बाबा बाहेर बाकावर बसून रडले, तुम्हाला माहीत नसेल.

नियमित प्रोफिलॅक्सिस (ब्लीड होऊच नये म्हणून आधीच औषध टोचणं) चालू ठेवा, शाळा बुडू देऊ नका, आणि भीतीपोटी त्याला बसवून ठेवू नका, हालचालीतूनही मूल शिकतं, हे तुम्ही आजीला पण समजावलंत, ते फार बरं झालं कारण आमचं कुणी ऐकत नव्हतं. आता तो स्विमिंगला जातो.

आणि ते शाळेचं पत्र! ओपीडी संपल्यावर जेवायचं सोडून लिहिलंत, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे हे त्यात ठळक, पुढचा बाक, लिहायला जादा वेळ, हात दुखत असेल तर तोंडी उत्तरं, एका वेळी एकच सूचना. हेडमास्तरांनी वाचलं आणि लगेच हो म्हणाले. आता तो घरी येऊन वर्गात काय झालं ते न विचारता सांगतो, आधी विचारलं तरी गप्प असायचा.

पाचवीत टीचर बदलतील, त्यांच्यासाठी पत्राच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, आणि हिमोफिलिया सेंटरला भेटणाऱ्या दोन आयांनाही तुमची ओपीडीची वेळ सांगितलीय, येतीलच. मनापासून खूप खूप थँक्यू मॅडम.