वड्यांचा डबा ओट्यावरच राहिला

चिपळूण

चि. मंदार, अनेक आशीर्वाद.

वड्यांचा डबा ओट्यावरच राहिला. विसरलास की रागाने ठेवलास, ते विचारत नाही. तुझ्या झोपेबद्दलही आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

गौरीच्या रात्री पाणी प्यायला उठले, तर पडवीत तुझ्या तोंडावर फोनचा उजेड. अडीच वाजले होते. कुठल्या कुठल्या युद्धाच्या बातम्या बोटाने सरकवत होतास. सकाळी सुनेदेखत बोलले, ते चुकलंच माझं. पण झोपत जा रे.

मे महिन्यात बाबांच्या फोनला लगाम तूच घातलास ना? बातम्यांना दिवसाला वीस मिनिटं, सूचना बंद, रात्री नऊनंतर पडदा काळा-पांढरा. पहिल्या दिवशी फोन बिघडला म्हणून आरडाओरडा. आता ब्रेकिंगची लाल पट्टी राखाडी झाली की स्वतःच म्हणतात, हिच्यात काही दम नाही. सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा काढता येते, हे त्यांना कळलंय. दोनदा काढलीही. तूच म्हणालास, "आई, याला नज म्हणतात. कुलूप नाही, नुसती कडी. ती काढेपर्यंत माणूस भानावर येतो." थेलर म्हणून कुणाला २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही याच विषयातले म्हणालास. मी ते भजनी मंडळात सांगून आले. मग तुझ्याच दाराला कडी का नाही?

आप्पा रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या संपल्या की बटण पिळायचे. पुढचं ऐका म्हटलं तर, "उद्या आहेच की." झालं, पुन्हा व्याख्यान. सोड.

हे तुला कधी लागलं ते मला ठाऊक आहे. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला, वीज नाही, फोन लागत नाहीत. आम्ही माळ्यावर कोरडे पोहे खात बसलेलो आणि तू पुण्यात बातम्यांमधल्या प्रत्येक छपरावर आम्हाला शोधत होतास. शेवटी फोन लागला तेव्हा बोलला नाहीस, नुसता रडलास. ते दोन दिवस तू झोपला असतास तर मलाच वाईट वाटलं असतं.

पण आता आम्ही कोरडे आहोत. रात्री फोन गप्प केला तरी निवडलेल्या नंबरांची रिंग वाजते म्हणे. त्यात आमचा घाल. पाणी चढलं तर मीच उठवीन.

डबा शनिवारी बाबांबरोबर पाठवते. काल किती वाजता झोपलास? नको, राहू दे.

तुझी आई