उनासच्या पिरॅमिडवरचं नाव

कैरो, शुक्रवार

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आज सुट्टी, म्हणून ऑफिसातल्या मंडळींबरोबर सक्काराला जाऊन आलो. उनास राजाचा पिरॅमिड पार ढासळलाय, लांबून टेकाडच वाटतं. पण दक्षिणेच्या अंगाला काही दगडांवर मोठमोठी चित्राक्षरं आहेत. गाइड पुढे निघून गेला तरी मी तिथेच रेंगाळलो.

तो लेख खाएमवासेतचा. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचा हा चौथा मुलगा, मेम्फिस या जुन्या राजधानीतल्या प्ताह देवाचा मुख्य पुजारी. पिरॅमिडवर उनासचं नाव उरलं नव्हतं, ते यानं पुन्हा कोरवून घेतलं. त्याच्या वेळीसुद्धा हा पिरॅमिड हजार वर्षांहून जुना होता, बघा! गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाचा मुलगा कावाब याचा पुतळा सापडला, तोही यानं जपला आणि त्यावर तसं लिहून ठेवलं. गाइड त्याला 'पहिला पुरातत्त्वज्ञ' म्हणाला. मला ते तितकंसं पटलं नाही. उनासच्या नावाबरोबर लेखात बापाचं नाव आहे, स्वतःचंही आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार केला की देणगीदाराची फरशी बसते, तसलाच प्रकार. पण काम केलं हे खरं.

खाएमवासेतच्या घरचा पसारा मात्र अवाढव्य. भावंडं शंभराच्या घरात. बापाची पट्टराणी नेफरतारी, तिचा मान मोठा. याची आई इसेतनोफ्रेत, ती दुसरी राणी. सख्खी बहीण बिंतअनाथ पुढे बापाचीच राणी झाली (आईला वाचून दाखवाल तेव्हा एवढं गाळा). आणि बाप हटेना! ६६ वर्षं राज्य केलं त्यानं. थोरले भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत गेले, तेव्हा कुठे युवराजपद याच्याकडे आलं, आणि बापाच्या राज्याच्या ५५व्या वर्षाच्या सुमारास हाही गेला. शेवटी गादी मिळाली तेराव्या मुलाला, याच्याच सख्ख्या भावाला, मेर्नेप्ताहला. तोही तोवर म्हातारा झालेला.

एपिस या पवित्र बैलांसाठी खाएमवासेतनं सक्कारातच जमिनीखाली दफनाचं भुयार सुरू केलं, तेच सेरापियम. आज तिथे जायला वेळच उरला नाही. पुढच्या शुक्रवारी जाईन.

गुडघ्याचं औषध चुकवू नका. आईला नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमचा,
बंड्या