हॉर्नबिल म्हणजे नागांची सुगी नव्हे

मा. संपादक,

दिवाळीच्या सुमारास ईशान्येच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि ‘नागांचा सुगीचा सण’ म्हणून हॉर्नबिल महोत्सवाचे फोटो छापले जातात. आपल्या पुरवणीतही तीच गफलत झाली आहे. हॉर्नबिल हा नागालँड सरकारने २००० साली सुरू केलेला महोत्सव आहे. तो १ डिसेंबरला, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनी, कोहिमाजवळ किसामा इथे सुरू होतो. बघायला तो छानच असतो, पण तोवर डोंगरातलं भात घरात येऊन पडलेलं असतं.

सुगीचा सण ज्या त्या जमातीचा वेगळा. वोखा जिल्ह्यातल्या लोथांचा तोखू एमोंग ७ नोव्हेंबरला, सुमींचा अहुना १४ नोव्हेंबरला, रेंगमांचा न्गाडा महिनाअखेरीस. (आओंचा मोआत्सू मे महिन्यात येतो. तो पेरणी आटोपल्याचा सण, त्यालाही सुगीचा म्हणू नये.)

तोखू एमोंगचा गाभा नाचात नाही, धान्याच्या वर्गणीत आहे. जुन्या रीतीने पुजारी आणि त्याचे मदतनीस टोपली घेऊन घरोघर जात. प्रत्येक घरातून न कांडलेलं भात घ्यायचं, पहिली मूठ हातात धरून प्रार्थना करायची, मग टोपलीत टाकायची. टोपली जितकी भरेल तितकं पुढचं पीक चांगलं येणार, ही श्रद्धा. त्यामुळे हात आखडता घेणाऱ्याला दारिद्र्याची भीती असे. जमलेल्या धान्यातल्या काही भागाच्या मोबदल्यात डुक्कर घेत आणि उरलेल्या भाताची दारू करत. डुकराचे वाटे वर्गणी देणाऱ्यांच्या संख्येइतके पडत. बाहेरचा कुणी गावात असेल तर त्याने सूर्यास्तापूर्वी वेस ओलांडायची, नाहीतर सण संपेपर्यंत तिथेच पाहुणा म्हणून राहायचं. वर्षभरातली भांडणं मिटवायची, त्या वर्षी गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची, आणि लग्न ठरलेल्यांचे संसार सणानंतर मांडायचे.

पूर्वी ज्या गावाची कापणी आधी, त्याचा सण आधी. आता सगळ्या लोथांची तारीख एकच आहे. जमात एकत्र यावी म्हणून ते योग्यच, पण एका डोंगरावरच्या भातात आणि दुसऱ्यावरच्या भातात काही दिवसांचा फरक पडतोच. बहुसंख्य लोथा आज ख्रिस्ती आहेत, त्यामुळे पुजाऱ्याचे विधी बहुतेक ठिकाणी मैदानावर प्रात्यक्षिक म्हणूनच दिसतील. त्याला ‘नकली’ म्हणणं मात्र उद्धटपणाचं आहे.

अहुनात नवा तांदूळ बांबूच्या नळीत शिजवतात. आपल्या लेखात ‘बांबू भाजतात’ एवढंच आहे, म्हणून ही साधी कृती. हिरवा, ओला बांबू एका टोकाची गाठ शाबूत ठेवून कापावा. भिजवलेला तांदूळ पाऊण नळीपर्यंतच भरावा, तो बुडून थोडं वर येईल इतकं पाणी घालावं आणि पानाचा बोळा लावून नळी विस्तवाला तिरकी टेकवावी. सतत फिरवत राहावं. वाळका बांबू तडकतो आणि पाणी विस्तवात जातं. नळी काठोकाठ भरली तर फुगलेला तांदूळ बोळा उडवतो आणि आतला कच्चा राहतो. फिरवली नाही तर एक बाजू करपते.

जाणाऱ्यांनी इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडमध्ये शिरण्याचा परवाना, ऑनलाइन काढून ठेवावं. ते आता दिमापूरलाही लागतं. कोहिमा ते वोखा साधारण ८० किलोमीटर, पण रस्ता घाटाचा, आणि नोव्हेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये. वोख्यात मुक्काम केलात तर दोयांग जलाशयाकडेही जा. त्याच दिवसांत तिथे अमूर ससाणे उतरलेले असतात. २०१२ मध्ये तिथे हजारोंनी मारले जाणारे हे पक्षी पांगती आणि शेजारच्या गावांनी पुढच्याच वर्षी शिकार थांबवून वाचवले. ते पाहायचे तर पहाटे किंवा मावळतीपूर्वी, गावातलाच वाटाड्या बरोबर घेऊन.

— एक वाचक, पुणे