नव्या घरातला सौरबंब आणि ठेकेदाराची जबाबदारी

महोदय,

दारव्हा तालुक्यातील आमच्या नव्या घरावर ठेकेदाराने सौरबंब दक्षिणेऐवजी पूर्वेकडे तोंड करून बसवला आणि गरम पाण्याचे पाइप वेष्टनाविना उघडेच सोडले, त्यामुळे ऐन पौषात पहाटे नळाला कोमट पाणीसुद्धा येत नाही. काचनळ्यांत साचलेला क्षारांचा पांढरा थर दाखवला, तेव्हा ‘बोअरचं पाणीच तसं आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पाणी जड असल्याचे ठेकेदाराला पाया खणतानाच ठाऊक होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ही माहिती ग्रामपंचायतींनी फलकावर लावावी आणि बंबाची लेखी हमी हाती येईपर्यंत गावकऱ्यांनी शेवटचा हप्ता देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक शेतकरी, जि. यवतमाळ