बेदाण्याच्या दरांशेजारी १९३० छापा

मा. संपादक,
स. न.

‘आत्या, हॅकरपुढे कुणाचं काय चालतंय?’ हे वाक्य भाच्याने मला तीनदा ऐकवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. विनंती आहे ती १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाविषयी.

माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. बेदाणा विकून आलेले १ लाख ८६ हजार रुपये त्याच्या खात्यात होते. एका शनिवारी संध्याकाळी ओळखीच्याच नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. लग्नसराईचे दिवस, त्याने बोट लावले. पत्रिका काही दिसली नाही, फोनवर कसले तरी ॲप मात्र बसले. रात्री साडेदहाला खात्यात चारशे बारा रुपये उरले होते. ओटीपी त्याने कुणालाही सांगितला नव्हता. म्हणून घरात सगळ्यांनी एकच निदान केले : हॅकर. रविवारी बँक बंद. शिवाय लोक हसतील, म्हणून त्याने वहिनीलासुद्धा सोमवारी सकाळी सांगितले. मला कळले मंगळवारी.

भाच्याच्या डोक्यातला हॅकर कुठून आला, हे पाहावे म्हणून त्याचा आवडता ‘स्वोर्डफिश’ हा २००१ सालचा हॉलिवूडपट मी त्याच्यासोबत बसून पाहिला. जॉन ट्रॅव्होल्टा, ह्यू जॅकमन, हॅली बेरी. देखणा सिनेमा आहे. ओलिसांनी भरलेली बस हेलिकॉप्टर उचलून नेते, तेव्हा मीही श्वास रोखून बसले होते. पण डोक्याला पिस्तूल लावलेला नायक साठ सेकंदांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा फोडतो आणि पुढे साडेनऊ अब्ज डॉलर कळफलकावर बोटे नाचवून हलतात, तिथे मला राहवेना. मी चौतीस वर्षे बँकेत काढली. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची; तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. पैसा असा हलत नाही. चोराला कुणाचे तरी दार उघडून घ्यावे लागते, आणि नंतर वेळ लागतो.

खऱ्या चोऱ्या पाहा. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर २०१६ च्या फेब्रुवारीत दरोडा पडला, तो गुरुवारी रात्री, कारण तिथे शुक्रवारी सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र परत मिळाले, कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतल्या एका बँकेत त्याची शंका आली. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ च्या ऑगस्टमध्ये ९४ कोटी गेले. सुरुवात झाली ११ तारखेला, तो दुसरा शनिवार होता. एटीएमच्या यंत्रणेत विषारी प्रोग्राम घुसवला हे खरे, पण पुढे २८ देशांत एटीएमसमोर बनावट कार्डे घेऊन माणसेच उभी होती. त्यातली काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही होती. ती माणसे सिनेमात दिसत नाहीत. थोड्या पैशांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणारी कॉलेजची मुले हीही त्यातलीच, हे त्यांच्या आईवडिलांना कोणीतरी सांगायला हवे.

भावाच्या फोनचेही तेच. पत्रिकेच्या नावाने आलेली ती एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनवर ॲप बसवणारी फाइल होती. तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली, याने ‘हो’ म्हटले. त्यानंतर आलेला प्रत्येक ओटीपी चोरांकडे आपोआप जात होता. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढीच शिकवण आता पुरत नाही, आणि बँकांचे फलक अजून तिथेच अडले आहेत.

पण माझी खरी तळमळ त्या रविवारची आहे. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला बँकेची सुट्टी नसते. तिथे लगेच फोन केला, तर पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून ते तिथेच गोठवता येतात. चोर ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून एटीएमवर पोचेपर्यंतच काय तो अवधी. भावाने तक्रार नोंदवली तेव्हा दीड दिवस उलटून गेला होता. पहिले खाते गोठले, पण त्यात शिल्लक नव्हती. हॅकरपुढे काही चालत नाही, असे मानून आणि लोक काय म्हणतील या भीतीने त्याने तो रविवार घालवला. भावाला मी बोल लावत नाही. शहाणीसुरती माणसे फसतात, माझ्या काउंटरवर मी रडताना पाहिली आहेत.

आपणांस विनंती एवढीच, की हा क्रमांक रोज छापावा. वर्षातून एकदा सायबर सप्ताहाच्या बातमीत नको. माझा भाऊ अंक हातात आला की आधी बेदाण्याचे दर पाहतो, मग हळदीचे, मग बाकी सगळे. तिथेच, दरांच्या चौकटीत, ठळक अक्षरांत छापा.

— एक निवृत्त बँक अधिकारी, विश्रामबाग, सांगली
(भावाच्या विनंतीवरून नाव छापू नये.)