‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी तापमान मोजा

संपादक महोदय,

एप्रिल-मे आला की सहा-सात वर्षांपूर्वीचे गेमिंग लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत दिसू लागतात. गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत चित्र अडखळते, फॅन कर्कश होतो, कधी मशीन आपोआप बंद पडते. अनेक दुकानांत त्यावर एकच निकाल मिळतो : ‘ग्राफिक्स गेलं, बोर्ड बदला’, म्हणजे चित्र घडवणारी चिप गेली, ती ज्यावर बसवलेली असते तो मुख्य बोर्डच बदला. तापमान न मोजता दिलेला हा निकाल ग्राहकाने मान्य करू नये.

मोजायला पैसे पडत नाहीत. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम चालू ठेवून वीस मिनिटे गेम खेळावा आणि ग्राफिक्स चिपचे तापमान, क्लॉक (तिचा वेग) व वॅट (ती खेचत असलेली वीज) हे तीन आकडे पाहावेत. एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० ही ग्राफिक्स चिप असलेल्या बहुतेक लॅपटॉपांत ८५ ते ९० अंशांच्या आसपास चिप स्वतःच वेग उतरवते. तापमान तिथे पोहोचले आणि क्लॉक कोसळला, तर दोष उष्णतेचा. ७० अंशांवरच क्लॉक पडत असेल तर आधी अ‍ॅडाप्टर तपासा. मूळ १८० वॅटचा जाऊन १२० वॅटचा आला असेल तर असेच होते.

मग मागच्या जाळीशी हात धरावा. हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल, तर यंत्रणा आपले काम करते आहे, खोलीच तापलेली आहे. (अकोला-नागपुरात मे महिन्यात हे गृहीतच धरा, खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर जाते.) हवा गरम पण क्षीण असेल, तर फॅन आणि उष्णता बाहेर सोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा नमदा बसला आहे. आणि चिप ९० वर असताना हवा नुसती कोमट येत असेल, तर उष्णता पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही : चिप आणि हीटसिंक (तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे, किंवा उष्णता पट्ट्यांपर्यंत नेणारा हीटपाइप निकामी झाला आहे. हीटसिंक काढल्यावर पाइपचे एक टोक गरम पाण्यात धरले की दुसरे काही सेकंदांत चटका देऊ लागायला हवे. तसे झाले नाही, तर कितीही महाग पेस्ट लावून उपयोग नाही.

धूळ बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही, नमदा फक्त आत सरकतो. मागचे झाकण काढावे, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, फॅन काढून पट्ट्या आतून बाहेरच्या दिशेने साफ कराव्यात. हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर बेअरिंग खराब होते. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवून आधी ती बदलावी.

पेस्टच्या बाबतीत लॅपटॉप डेस्कटॉपच्या प्रोसेसरपेक्षा वेगळा. इथे चिपवर धातूचे झाकण नसते, उघड्या सिलिकॉनवर थेट हीटसिंक बसतो. म्हणून मधोमध थेंब टाकून भागत नाही. एक कोपरा कोरडा राहिला तरी तिथे तापमान उसळते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीचा पातळ थर पूर्ण चिपवर पसरवावा. पेस्ट घट्टच घ्यावी. पातळ पेस्ट चिपच्या तापण्या-निवण्यात काही महिन्यांत कडेला ढकलली जाते. हनीवेलची पीटीएम ७९५० ही फेज-चेंज (तापल्यावर मऊ होऊन पसरणारी) शीट याच कारणाने जुन्या लॅपटॉपला अधिक मानवते. पेस्टऐवजी लावल्या जाणाऱ्या लिक्विड मेटलच्या (द्रव धातूच्या) वाटेला जाऊ नये : ते वीजवाहक असते आणि अ‍ॅल्युमिनियम खाते. स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, सोडवताना क्रम उलटा.

खरा घोटाळा मात्र पॅडांत होतो. मेमरी चिपा आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या मॉस्फेट या भागांवर ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटर जाडीचे मऊ, उष्णतावाहक पॅड असतात, आणि एकाच हीटसिंकवर जाडी वेगवेगळी असू शकते. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा लावला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि तापमान दुरुस्तीपूर्वीपेक्षाही वाढते. पॅडच्या जागी पेस्ट थापणारे कारागीरही आहेत. एवढी फट पेस्टने भरत नाही. जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने मोजूनच नवा आणावा.

झाकण उघडायचे नसेल तरी बराच फरक पाडता येतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फ्रेमरेटची (सेकंदाला किती चित्रे काढायची याची) मर्यादा ६० ठेवावी. विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के केली की टर्बो (प्रोसेसरची तात्पुरती वेगवाढ) बंद होतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे पाइप अनेक मॉडेलांत सामाईक असल्याने दोन्ही निवतात. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-वेगाचा आलेख उघडावा, त्यात १०६० साठी ९०० मिलिव्होल्टला १७०० मेगाहर्ट्‌झ धरावे व त्यापुढची रेषा सपाट करावी. मग उष्णता आणखी कमी करण्यासाठी २५-२५ मिलिव्होल्टने खाली यावे. गेम कोसळला की एक पायरी वर. लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्यांच्या कूलिंग पॅडवर खर्च करण्यापेक्षा लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचललेली बरी.

थंड मशीनवरही ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) सुरू होताच रंगीत ठिपके-पट्टे येत असतील, किंवा ड्रायव्हर नव्याने टाकूनही विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर कोड ४३ (उपकरणात बिघाड असल्याची सूचना) दाखवत असेल, तर मात्र चिपवर संशय घ्यावा. तिथे हीटगनने ‘चिप शेकून देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉप चिपांतील सदोष जोडणीपोटी १९.६ कोटी डॉलरची तरतूद केली, तो दोष सिलिकॉन आणि ते जिच्यावर बसते त्या चिपच्या तळपट्टीमधल्या सूक्ष्म सांध्यांचा होता. असे सांधे शेकून तात्पुरते जुळतात, काही आठवड्यांत पुन्हा सुटतात. रीबॉलिंगने (चिप उचलून नवे सोल्डर गोळे बसवण्याने) बदलले जातात ते तळपट्टीखालचे गोळे, हे सांधे नव्हेत. अशा वेळी अनेक लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर मशीन कामापुरते चालवता येते.

दुकानात दिलेच तर त्याच गेमचे, तेवढ्याच वेळाचे, दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे तापमान बिलावर लिहून मागावे, आणि काढलेले पॅड परत घ्यावेत.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती तंत्रज्ञ, अकोला