रविवारच्या साबण-वर्गाबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी दुपारी 4 वाजता रामबागेतल्या आपल्या नेहमीच्या गच्चीवर घरगुती साबण शिकायचा आहे, गॅस न पेटवता. पोहे-शेव नंतर, हात धुऊन!

प्रत्येकीने पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रबरी हातमोजे, चष्मा आणि स्टीलचं पातेलं आणावं. अ‍ॅल्युमिनियमचं मुळीच नको, कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा, कातडी भाजणारा तीव्र क्षार) ते खातो आणि वायू सुटतो. मुलांना घरीच ठेवा, गोड बोलून का होईना. सध्याच्या थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून बरणी उन्हात ठेवून पातळ करून आणा.

कॉस्टिक आम्हीच आणतो आहोत. नळीतला कचरा काढायची पूड चालत नाही, तिच्यात इतर रसायनं असतात. मोजमाप वजनकाट्यावरच, वाटी-चमच्याने नाही: 100 ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक लागतं, ऑलिव्ह तेलाला साधारण साडेतेरा. त्यातही आपण 5 टक्के कमी घालू, म्हणजे थोडं तेल वडीत उरतं आणि कातडी कोरडी पडत नाही. तेल बदललं की हिशेब नव्याने करायचा. घरच्या अंदाजाची सवय इथे नडते.

कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, ते उसळतं. अंगावर उडालं तर लगेच नळाच्या धारेखाली 15-20 मिनिटं धरा, व्हिनेगर-लिंबू नको.

वड्या 4 ते 6 आठवडे वाळवाव्या लागतात. संक्रांतीच्या आत वापरायला मागू नका.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा. वजनकाटे तीनच आहेत.